व्यायाम, आहार आणि संशोधन : बातमीमागचा अर्थ कसा लावावा?

बारामती शहरात पहाटे नीरा डाव्या कालव्याच्या कडेने फिरणारी मंडळी दिसतात. कुणाच्या मनगटावर पावले मोजणारे घड्याळ असते, कुणी सोबत्याशी रक्तातील साखरेच्या आकड्यांवर बोलत असतो. हंगाम सुरू असेल तर त्याच वेळी माळेगाव, सोमेश्वरनगर किंवा इंदापूर तालुक्यातील भवानीनगरच्या परिसरात ऊसतोड कामगारांचा दिवस केव्हाच सुरू झालेला असतो. एकाच्या श्रमाला आपण व्यायाम म्हणतो, दुसऱ्याच्या श्रमाला मजुरी. घाम दोघांनाही येतो. पण दोघांच्या आरोग्यावर त्याचा परिणाम सारखाच होतो का? या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधू गेले, की व्यायाम व आहारविषयक संशोधनातील बहुतेक सर्व अडचणी समोर उभ्या राहतात.

आरोग्यविषयक संशोधनाच्या बातम्या रोज प्रसिद्ध होतात. आज तूप अपायकारक, उद्या हितकारक. आज दिवसातून दोनदाच खावे, उद्या दर दोन तासांनी खावे. असे परस्परविरोधी सल्ले वाचून सामान्य वाचक दोनपैकी एक मार्ग पत्करतो. एक तर तो सर्वच संशोधनावर अविश्वास दाखवतो, नाही तर मनाला रुचेल तेवढेच उचलतो. दुसरा मार्ग अधिक धोक्याचा आहे. एखादी बातमी वाचून मधुमेहाच्या गोळ्या परस्पर बंद करणाऱ्याला त्याची किंमत शरीराने मोजावी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून, आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणूनच संशोधनाची बातमी नीट वाचता येणे ही केवळ अभ्यासकांची गरज राहिलेली नाही.

वारकरी निरोगी असतात, की निरोगी माणसे वारीला जातात?

संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून जाते. उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी ही या मार्गावरील परिचित गावे. काटेवाडीचे मेंढ्यांचे रिंगण आणि बेलवाडी व इंदापूर येथील अश्वांची रिंगणे पाहण्यासाठी पंचक्रोशी लोटते. देहू ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर सत्तरी ओलांडलेले वारकरीही पायी कापतात. ते पाहून ‘वारीमुळेच यांची प्रकृती अशी ठणठणीत’ असा उद्गार सहज निघतो.

तो खरा असेलही; पण केवळ पाहण्यावरून तो सिद्ध होत नाही. ज्याचे गुडघे दुखतात, ज्याला धाप लागते, ज्याचे हृदय दुबळे आहे, तो बहुधा घरूनच पालखीला हात जोडतो. रस्त्यावर दिसतात ते चालू शकणारे. म्हणजे चालण्यामुळे प्रकृती सुधारली, की प्रकृती चांगली म्हणून चालणे जमले, हे ठरवता येत नाही. संशोधनाच्या भाषेत याला निवडीमुळे येणारा दोष म्हणतात.

हाच पेच व्यायामविषयक संशोधनाच्या आरंभीही होता. ब्रिटनमधील डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण अधिक, तर दुमजली बसच्या पायऱ्या सतत चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांमध्ये ते कमी आढळले. निष्कर्ष उघड होता : हालचाल हृदयाचे रक्षण करते. तथापि मॉरिस तेथेच थांबले नाहीत. कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या गणवेशांच्या मापांची त्यांनी तपासणी केली आणि १९५६ मध्ये तिचा निष्कर्ष मांडला. चालकांच्या कमरेचा घेर तरुण वयापासूनच वाहकांपेक्षा अधिक होता. म्हणजे दोन्ही गट मुळातच सारखे नव्हते.

यामुळे व्यायामाचे महत्त्व कमी झाले नाही. पुढील अनेक दशकांत वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या पद्धतींनी झालेल्या अभ्यासांनी त्याला बळकटीच दिली. मात्र पहिला निष्कर्ष आकर्षक असला तरी त्यावर पहिला संशय संशोधकानेच घ्यावा, हा धडा या घटनेने घालून दिला. अशा शंका उपस्थित करणारे संशोधन अधिक विश्वासार्ह समजावे.

पुण्याजवळची सहा गावे

निरीक्षण आणि प्रयोग यांतील फरक समजून घेण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. पुणे जिल्ह्यातच त्याचे उत्तम उदाहरण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर मातांच्या पोषणाचा अभ्यास हाती घेतला. या माता बहुतांशी शेतकरी कुटुंबांतील होत्या. त्यांचा आहार, त्यांचे शेतातील व घरातील कष्ट आणि जन्मलेल्या बाळांची मापे यांची काटेकोर नोंद ठेवण्यात आली.

या बाळांचे जन्मतःचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांचे सुमारे साडेतीन किलो होते. आश्चर्य पुढेच आहे. आपली बाळे स्नायूंनी आणि पोटातील अवयवांनी लहान होती, परंतु त्वचेखालील चरबी त्यांच्याकडे त्या मानाने टिकून होती. दिसायला कृश, पण अंगात चरबी अधिक, अशा या शरीररचनेचा संबंध पुढील आयुष्यातील मधुमेहाशी असावा, असा विचार त्यातून पुढे आला. डॉ. याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध करून हा मुद्दा पटवून दिला. उंची-वजनाच्या गुणोत्तरानुसार दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, पण शरीरातील चरबी मोजली असता एकाची ९.१ टक्के, तर दुसऱ्याची २१.२ टक्के निघाली. अधिक चरबी अर्थातच भारतीय संशोधकाची होती. भारतीयांसाठी हा निर्देशांक २५ ऐवजी २३ वरच जास्त का मानला जातो, याचे उत्तर या एका तुलनेत सापडते. युरोपातील निष्कर्ष आपल्याला जसेच्या तसे लागू पडतीलच असे नाही, हा त्यातील दुसरा धडा.

याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी आढळल्या. ज्या मातांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे आकाराने मोठी होती. आणि ज्या मातांना गरोदरपणी अधिक कष्ट पडत होते, त्यांची बाळे लहान होती. लेखाच्या आरंभीच्या प्रश्नाचे एक उत्तर येथे मिळते. पुरेसे अन्न आणि विश्रांती यांच्या जोडीने स्वेच्छेने केलेली हालचाल आणि अर्धपोटी, सक्तीचे श्रम यांना एकाच मापाने मोजता येत नाही. उसाच्या फडात मोळ्या वाहणाऱ्या गरोदर स्त्रीला ‘व्यायाम आपोआप होतोच’ असे म्हणणे संशोधनाला धरून नाही, आणि माणुसकीलाही.

गावातून वस्तीत : निरीक्षणाची परीक्षा

पालेभाज्या खाणाऱ्या मातांची बाळे मोठी होती, म्हणून पालेभाज्यांमुळेच ती मोठी झाली, असे म्हणता येईल का? ज्या घरात दूध व फळे येतात, त्या घराची आर्थिक स्थिती बरी असू शकते. तेथील स्त्रीला विश्रांतीही अधिक मिळत असेल. असा तिसरा घटक दोन्ही गोष्टींच्या मागे असू शकतो. त्याला बाजूला सारण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, निव्वळ योगायोगाने गट पाडून केलेली चाचणी. कोण कोणत्या गटात जाईल हे दैवावर सोपवले, की गरीब-श्रीमंत, सशक्त-अशक्त अशा सर्व प्रकारच्या व्यक्ती दोन्ही गटांत साधारण सारख्या वाटल्या जातात.

अशी चाचणी मुंबईतील झोपडपट्ट्यांमध्ये डॉ. रमेश पोतदार, साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली. साडेसहा हजार स्त्रियांना दोन गटांत विभागण्यात आले. एका गटाला गरोदर राहण्यापूर्वीपासून रोज पालेभाजी, फळे व दूध घालून केलेला खाऊ देण्यात आला. दुसऱ्या गटाला कांदा, बटाटा यांसारख्या कमी पोषणमूल्यांच्या भाज्यांचा खाऊ मिळाला. निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण विचार करता बाळांच्या वजनातील सरासरी फरक केवळ २६ ग्रॅम भरला आणि तो निव्वळ योगायोगानेही येऊ शकेल इतका होता. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ मिळालेल्या मातांच्या बाळांत हा फरक ४८ ग्रॅमपर्यंत गेला. पण सर्वांत कृश मातांच्या बाळांना, म्हणजे ज्यांना मदतीची सर्वाधिक गरज होती त्यांना, लाभ झाल्याचे दिसले नाही. त्याच चाचणीत एक वेगळी गोष्टही हाती आली. गरोदरपणातील मधुमेह साध्या खाऊच्या गटात १२.४ टक्के, तर पालेभाजी-दुधाच्या गटात ७.३ टक्के मातांना आढळला.

या एकाच चाचणीवरून तीन वेगवेगळे मथळे देता येतील : ‘पालेभाज्यांचा बाळाच्या वजनावर परिणाम नाही’, ‘पालेभाज्यांमुळे बाळाचे वजन वाढते’ आणि ‘पालेभाज्यांमुळे गरोदरपणातील मधुमेह घटतो’. तिन्ही मथळ्यांना आधार आहे. पण तिन्ही अपुरे आहेत. चाचणीचा मुख्य प्रश्न कोणता होता आणि उपगटांतून नंतर काय हाती लागले, हे वेगळे पाहिल्याविना खरे चित्र उमटत नाही. उपगटांतील निष्कर्षांना नव्या चाचणीचा दुजोरा मिळेपर्यंत ते शक्यता म्हणूनच वाचावेत.

टक्केवारीची गंमत

मधुमेह टाळण्याबाबत भारतातील महत्त्वाची चाचणी चेन्नई येथे डॉ. अंबाडी रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली झाली. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींना चार गटांत विभागण्यात आले. नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटातील ५५ टक्के व्यक्तींना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार आणि चालण्याबाबत नियमित मार्गदर्शन मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के होते. मेटफॉर्मिन या औषधाचा परिणामही जवळपास तेवढाच, ४०.५ टक्के. दोन्ही एकत्र केल्याने अधिकचा लाभ दिसला नाही.

ही बातमी दोन प्रकारे देता येते. ‘जीवनशैली बदलल्याने मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी’ हे सापेक्ष प्रमाण. ‘शंभर जणांनी जीवनशैली बदलली तर तीन वर्षांत सुमारे सोळा जणांचा मधुमेह टळतो’ हे प्रत्यक्ष प्रमाण. आणखी सोपे करायचे तर सहा-सात जणांनी पथ्य पाळले, की त्यांतील एकाचा मधुमेह त्या काळापुरता टळतो. हा लाभ लहान नाही. मात्र पथ्य पाळूनही शंभरातील एकोणचाळीस जणांना मधुमेह झालाच, हेही त्याच आकड्यांत दडलेले आहे. म्हणून नियमित चालणाऱ्याला मधुमेह झाला तर तो त्याचा आळस नव्हे, आणि चालणाऱ्याने रक्ततपासणी टाळावी असाही त्याचा अर्थ नव्हे.

बातमीत केवळ ‘धोका निम्म्यावर’ असे असेल तर मूळ धोका किती होता, हे विचारावे. हजारातील दोनावरून एकावर आलेला धोका निम्माच असतो, आणि पन्नासावरून पंचविसावर आलेलाही निम्माच.

दहा हजार पावले आणि दोन वेळचे जेवण

दहा हजार पावलांचा आकडा वैद्यकीय संशोधनातून आला, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पावलेमापक यंत्राच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होता. अमेरिकेतील सुमारे सतरा हजार वयस्क स्त्रियांच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. साडेसात हजारांच्या पुढे मात्र आणखी घट दिसली नाही. हाही निरीक्षणात्मक अभ्यास होता, त्यामुळे त्याला वारीचाच नियम लागू. तरीही, दहा हजार जमत नाहीत म्हणून घरीच बसणाऱ्यांसाठी त्यात दिलासा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवला आहे. त्याहून थोडी हालचालही काहीच न करण्यापेक्षा बरी, असे तीच संघटना सांगते.

महाराष्ट्रात २०१८ च्या सुमारास घरोघरी वाद रंगला तो जेवणाच्या वेळांचा. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांच्या आधारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवावे आणि रोज ४५ मिनिटे चालावे, असा प्रसार केला. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा भर ठरावीक अंतराने थोडे थोडे खाण्यावर होता. दोन्ही बाजूंनी अनुभवकथनांचा पाऊस पडला. परंतु वजन घटलेली माणसे आपला अनुभव सांगतात. मध्येच सोडून दिलेली सहसा सांगत नाहीत.

खाण्याच्या वेळेबाबत चीनमधील ग्वांगझू येथील एका चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात १३९ लठ्ठ व्यक्तींचे दोन गट केले होते. दोन्ही गटांना उष्मांक सारखेच कमी करायला सांगितले. एका गटाने मात्र सकाळी आठ ते दुपारी चार याच वेळेत खायचे होते. वर्षअखेर या गटाचे वजन सरासरी आठ किलोंनी, तर दुसऱ्या गटाचे ६.३ किलोंनी घटले. हा फरक निर्णायक मानण्याइतका नव्हता. वजन उतरले ते प्रामुख्याने कमी खाल्ल्याने. ज्याला दोन जेवणांत कमी खाणे जमते त्याने तसे करावे, ज्याला चार वेळा थोडे थोडे खाऊन जमते त्याने तसे. इशारा एकच : इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवण वगळले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते.

साखरेच्या प्रदेशात साखरेचा प्रश्न

ज्या दोन तालुक्यांचे अर्थकारण उसाभोवती फिरते, तेथे साखरेच्या दुष्परिणामांविषयी बोलणे अवघड जाते. त्यामुळेच ‘साखर वाईट, पण गूळ चांगला’ हा मधला मार्ग लोकप्रिय झाला आहे. गुळात लोह व अन्य खनिजे थोड्या प्रमाणात असतात, हे खरे. मात्र गुळाचा मोठा भाग साखरेचाच असल्याने रक्तातील साखर त्यानेही वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी, शक्य तर पाच टक्क्यांहून कमी असावी. रोज दोन हजार उष्मांक घेणाऱ्यासाठी याचा अर्थ पन्नास ग्रॅम, शक्य तर पंचवीस ग्रॅमपेक्षा कमी. दोन चमचे साखर घातलेले पाच कप चहा घेतले, की पन्नास ग्रॅमच्या आसपासची मर्यादा तेथेच संपते.

संशोधनाला पैसा कोणी पुरवला, हा प्रश्नही येथेच येतो. अमेरिकेतील साखर उद्योगाच्या संघटनेने हार्वर्डच्या संशोधकांना पैसे दिले होते आणि १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात हृदयविकाराचा दोष साखरेऐवजी स्निग्ध पदार्थांवर ठेवला गेला, हे जुन्या कागदपत्रांच्या आधारे २०१६ मध्ये उघडकीस आले. उद्योगाच्या पैशावर झालेले प्रत्येक संशोधन खोटे नसते; परंतु ते कोणाच्या पैशावर झाले हे वाचकाला कळलेच पाहिजे.

ज्वारीच्या भाकरीबाबतही असेच सावध राहावे लागते. देशव्यापी पाहणीच्या आधारे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतीयांच्या आहारात सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय व गोड पदार्थांतून येतात. मैदा किंवा पांढऱ्या तांदळाऐवजी गहू वा भरडधान्य घेतले, पण एकूण पिष्टाचे प्रमाण तेवढेच राहिले, तर मधुमेहाचा धोका कमी असल्याचे त्यात दिसले नाही. काही पिष्टाची जागा डाळी व दुधाच्या प्रथिनांनी घेतली तर मात्र धोका कमी दिसला. भाकरी चांगलीच, पण चारऐवजी दोन भाकरी आणि जोडीला मटकीची उसळ किंवा वाटीभर दही, हा त्याचा व्यवहारातील अर्थ. हादेखील एका वेळी केलेल्या पाहणीचा निष्कर्ष आहे, हे विसरू नये.

बातमी वाचताना विचारावयाचे प्रश्न

१. अभ्यास माणसांवर झाला, की उंदरांवर वा परीक्षानळीत?

२. हे केवळ निरीक्षण होते, की गट पाडून केलेली चाचणी?

३. किती व्यक्ती होत्या आणि किती काळ पाहिल्या? किती जणांनी मध्येच सोडले?

४. त्या व्यक्ती वय, शरीरयष्टी आणि आहार यांबाबत आपल्यासारख्या होत्या का?

५. लाभ प्रत्यक्ष आकड्यांत किती? शंभरात किती जणांना?

६. मोजले काय : रक्तातील एखादा घटक, की आजार व मृत्यू?

७. पैसा कोणी दिला? निष्कर्षामुळे कोणाची विक्री वाढणार आहे?

८. आधीच्या अभ्यासांशी हे जुळते का? एकट्या अभ्यासाने जुने सारे खोटे ठरत नाही.

यातील निम्म्या प्रश्नांची उत्तरे बातमीत नसतील, तर ती बातमी माहिती म्हणून वाचावी, सल्ला म्हणून नव्हे.

चुका मान्य करणे हा विज्ञानाचा कमकुवतपणा नव्हे. भूमध्य सागरी आहाराविषयी स्पेनमध्ये झालेली, २०१३ मध्ये गाजलेली मोठी चाचणी गट पाडण्यातील त्रुटींमुळे २०१८ मध्ये संशोधकांनी मागे घेतली आणि फेरविश्लेषण करून, अधिक सावध भाषेत पुन्हा प्रसिद्ध केली. आपल्या चुका अशा जाहीर करणारी पद्धत कोणत्याही चमत्कारिक काढ्याच्या जाहिरातीपेक्षा भरवशाची आहे.

बदलत्या बातम्यांच्या गर्दीत न बदललेल्या गोष्टी थोड्या आहेत, पण पक्क्या आहेत : रोज चालावे, भाज्या-डाळी वाढवाव्यात, साखर-गूळ व तळलेले पदार्थ आवरावेत, तंबाखू सोडावी, पुरेशी झोप घ्यावी. तिशी ओलांडलेल्यांनी रक्तदाब व रक्तातील साखर तपासून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रांत ही तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमाखाली विनामूल्य होते. सुरू असलेले औषध मात्र बातमी वाचून बंद करू नये. कात्रण कापून ठेवावे आणि पुढच्या तपासणीला जाताना ते डॉक्टरांपुढे ठेवावे.